नलूमावशीला साडी कोणी नेसवली

नलूमावशी कपड्यांच्या दुकानात शिरली की आधी पुतळ्याचं वय विचारायची.

"ही किती वर्षांची गो?" काचेमागे ट्रॅकपँट घालून उभ्या असलेल्या पुतळीकडे बोट करून ती कामावरच्या मुलीला विचारायची.

"पुतळा आहे, आजी."

"ते दिसतंय मला. पण वय किती धरलंत? बावीस? मग तेविसाव्या वर्षी तुमची पँट बंद पडते काय?"

मुलगी मालकाकडे बघायची, मालक छताकडे बघायचा. मग मावशी स्वतःसाठी पँट मागायची, आणि मुलगी सवयीने गाऊनचा गठ्ठा काढायची. असा गठ्ठा पुढे आला की मावशीचा जो आवाज लागायचा, तो दुकानाच्या बाहेर रिक्षा स्टँडपर्यंत जायचा. त्याला कारण आहे. रत्नागिरीच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत तिने अख्खी नोकरी काढली. नाटे गावची गाडी कुठे लागली, वेळणेश्वरची किती उशिरा सुटणार, हे भोंग्यावरून सांगणारा आवाज तिचाच. निवृत्त झाली तेव्हा भोंगा तिथेच राहिला, पण आवाज ती घरी घेऊन आली. आजही ती स्वयंपाकघरात "मीठ संपलं" म्हणाली की रस्त्यावरची माणसं हातातली पिशवी घट्ट धरतात.

मावशी सत्तरीची. एकटी. लग्नाचं कोणी विचारलं की "ती गाडी रद्द झाली" म्हणते. ते इतक्या सरकारी सुरात म्हणते, की पुढे कारण विचारायचं कोणाला सुचत नाही. आमच्या इमारतीत ती तळमजल्याला, आम्ही वर. तिची आणि माझ्या आईची शाळेपासूनची मैत्री, म्हणून ती माझी मावशी. बाकी नातं काही नाही.

रोज सकाळी सहाला ती निळी ट्रॅकपँट, पांढरा टी-शर्ट आणि कपाळाला टिकली अशा वेशात मांडवीच्या समुद्रकिनाऱ्यावर चालायला जाते. ती पँट पुरुषांची आहे. "लेडीजमध्ये पोटाला जागा नाही, जेन्ट्समध्ये कमरेला आकार नाही. मग मी पोटाची बाजू घेतली," असं ती सांगते. चालते झपझप, आणि वाटेत भेटेल त्याला जाहिरातींबद्दलचं आपलं मत सांगते. मत तसं साधं आहे.

"जाहिरातीत म्हातारी दिसली की समजायचं, आता गुडघा येणार. गुडघा नसला तर दात. दात नसले तर लोणचं. आणि माल फारच महागाचा असला, तर ती नातवाकडे बघून डोळे पुसणार. घामाघूम झालेली म्हातारी बघितलीस कधी? धावताना? बुटाची नाडी बांधताना? आणि चुकून व्यायामाच्या कपड्यात दाखवलीच, तर डोकं तेवढं पांढरं नि खाली धड पंचविशीचं. अरे, गणपतीला निदान कारण तरी होतं!"

हे सगळं ती मला विशेष जोराने ऐकवायची, कारण माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटनं, आंब्याच्या पेट्या, दहावीचे गुणवंत, सगळं मीच छापतो. मावशीच्या लेखी जगातल्या सगळ्या जाहिराती मीच करत होतो आणि मुद्दाम वाईट करत होतो.

यात माझी आई कशी आली ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले आणि आई घरात बसली. म्हणजे रडत वगैरे बसली नाही. स्वयंपाक करायची, कुरिअर घ्यायची, गॅलरीतल्या खुर्चीत बसून रस्ता बघायची. फक्त जिना उतरायची थांबली. एकदा उतरताना निऱ्यांत पाय अडकला आणि ती तीन पायऱ्या घसरली. तेव्हापासून तिला साडीत चालायची धास्ती, आणि साडीशिवाय चालायची लाज. मावशी रोज वर येऊन डोकं फोडायची.

"कुसुम, पँट घाल. पायात काही अडकत नाही."

"मी? पँट घालून मांडवीवर? लोक हसतील नले."

"मला हसतात काय?"

"तुला घाबरतात. ते वेगळं."

एके दिवशी फारच झालं तेव्हा आई म्हणाली, "हे बघ, आपल्या वयाची एक बाई, एक, असल्या कपड्यात कुठे मोठ्या फोटोत लागलेली दाखव. नाक्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. मग येते मी."

आईने हे सुटका म्हणून सांगितलं. असा फोटो लागणार नाही याची तिला खात्री होती. पण मावशीने ते वेळापत्रकात लिहून घेतलं.

नाक्यावर दिनेशशेठचं रेडिमेडचं दुकान आहे. त्याने त्या सुमाराला व्यायामाच्या कपड्यांचा नवा विभाग काढला होता आणि समोर मोठा फ्लेक्स लावायचा म्हणून तो माझ्याकडे आला होता. मावशीला हे कळलं. ती लागोपाठ आठवडाभर त्याच्या दुकानात जाऊन बसली. काही घेतलं नाही, नुसती बसली. येणाऱ्या प्रत्येक बाईला पुतळ्याचं वय विचारायची. शेवटी दिनेशशेठ हात जोडून म्हणाला, "मावशी, तुम्हाला काय पाहिजे?"

"तुझ्या मोठ्या मापाच्या पँटी पडून आहेत ना?"

"आहेत."

"त्या बावीस वर्षांच्या मुली घेणार नाहीत. माझ्यासारख्या घेतील. पण त्यांना कोणी सांगितलंय का, की हे त्यांच्यासाठी आहे म्हणून? मला लाव फ्लेक्सवर. पैसे नकोत."

दिनेशशेठ धंद्याचा माणूस. दोन मिनिटं विचार करून म्हणाला, "चालेल."

फोटो मी काढला, मांडवीच्या जेटीवर. मी दहा वेळा "मावशी, हस" म्हणालो, आणि ती दहा वेळा "हसू कशाला, चालतेय ना?" म्हणाली. अकराव्या वेळी ती मला काहीतरी सुनावत, एक पाय पुढे टाकत, वाऱ्याने केस उडालेले, पोट जिथे आहे तिथे, घामाने टी-शर्ट अंगाला चिकटलेला, अशी चालत आली, आणि मी बटण दाबलं. इतकी वर्षं कॅमेरा हाताळतोय, पण त्याच्याइतका चांगला फोटो मी त्याआधी काढला नव्हता आणि नंतरही नाही. दिनेशशेठने मोबाइलवर बघितला आणि लिहिलं, "एक नंबर. लाव बिनधास्त."

हे मुद्दाम सांगतो. त्याने लाव म्हटलं होतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. घरातली म्हातारी बाई गेली की मुलगा श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो घेऊन येतो. फोटो बहुधा कुठल्या तरी बारशातला असतो, नाहीतर अंगात गाऊन असतो. "तेवढी साडी नेसवा हो," असं मुलगा खालच्या आवाजात म्हणतो. मग आम्ही कॉम्प्युटरवर गळ्यापासून खाली साडी चढवतो, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसतो आणि बाई गोल चौकटीत बसवतो. माझ्याकडे अशा तीन साड्या आहेत. हिरवी, मरून आणि मोरपंखी. त्यात मोरपंखीला मागणी जास्त, कारण तिच्याबरोबर मोत्यांची माळ आयती येते. रत्नागिरीतल्या निम्म्या दिवंगत आज्या वर एकाच साडीत वावरत असणार.

मावशीचा फोटो मी मोठा करून पडद्यावर लावला आणि बघत बसलो. आणि मला त्या पँटमध्ये आई दिसू लागली. आई जिना उतरतेय, नाक्यावरून चाललीय, पानवाल्याकडची माणसं मान वळवून बघतायत, आणि कोणीतरी मला विचारतंय, "काय विनय, आईने जोरात सुरुवात केली वाटतं?" एवढंच नव्हतं. त्याच्या खाली आणखी एक कारण होतं, ते शेवटी सांगतो.

मी मोरपंखी साडी काढली.

हात सवयीने चालला. साडी, माळ, सुरकुत्या, गोल चौकट. मधे इंटरनेटवरची एक पळणारी मुलगी मोठी केली आणि मावशीला वरच्या कोपऱ्यात, मुलीला आशीर्वाद देत असल्यासारखी बसवली. मावशीच्या खाली ओळ टाकली, "तुम्ही चालत राहा!" दिनेशशेठ माल आणायला मुंबईला गेला होता. त्याला न विचारता मी छापलं, आणि पहाटे माणसाकडून नाक्यावर चढवलं.

सकाळी साडेसातला पहिला माणूस मावशीच्या दाराशी आला. आमच्या मागच्या घरातल्या कुंदावहिनी. डोक्यावर पदर, हातात दुधाचं भांडं, कारण सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. दार मावशीने उघडलं. नुकतीच चालून आलेली, लालबुंद, हातात पाण्याची बाटली. वहिनींच्या हातातलं दूध पायरीवर सांडलं.

"अहो, तुम्ही... नाक्यावर..."

"नाक्यावर काय? लागला फोटो?" मावशीचा चेहरा उजळला. आज ती रस्ता बदलून मागच्या पायऱ्यांच्या पाखाडीने आली होती, कारण पहिला फोटो आईबरोबर बघायचा असं तिने ठरवलं होतं.

त्यानंतर माणसं येतच राहिली. नाट्याहून तिचा चुलतभाऊ निघाल्याचा फोन आला. "परत फीर मेल्या, मी आहे!" असं मावशीने त्याला सांगितलं, तरी तो आला. गाडीभाडं खर्च झालंच आहे तर जेवून जातो म्हणाला. बसस्टँडवरचे दोन जुने कंडक्टर हार घेऊन आले. आता हाराचं काय करायचं म्हणून मावशीने तो त्यांच्याकडूनच गळ्यात घालून घेतला. कुंदावहिनी मात्र खुर्चीत बसून मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ही साडी मी ओळखते. आमच्या सासूबाईंना नेसवली होती."

मी जिन्यात उभा होतो. खाली गेलो नाही.

मावशी वर आली तेव्हा आई गॅलरीत चष्मा लावून नाक्याकडे बघत होती. बराच वेळ बघितलंन तिने. मग चष्मा काढला, पदराने पुसला.

"बघ नले," आई हळू आवाजात म्हणाली. "शेवटी साडीच. मी म्हणत नव्हते?"

आणि ती भात टाकायला आत गेली.

दिनेशशेठ परत आल्यावर मावशी त्याच्या दुकानात गेली. मला सोबत घेऊन गेली, साक्षीदार म्हणून. "तुला पँट विकायची होती का मला पोचवायची होती?" इथून सुरुवात झाली. दिनेशशेठने माझ्याकडे बघितलं. मी पुतळ्याकडे बघितलं. मग तो भला माणूस म्हणाला, "चूक झाली मावशी. माझ्याकडून राहिलं." त्याने फ्लेक्स उतरवला. मी त्याला नंतर काही बोललो नाही. तोही नाही. फक्त त्यानंतर फ्लेक्ससाठी तो माझ्याकडे आला नाही.

गावात पुढे सहा महिने मावशीची चेष्टा चालली. पानवाला तिला "वर कसं आहे?" विचारायचा. ती म्हणायची, "गर्दी नाही. पण चहा मिळत नाही." सगळं हसण्यावारी नेलंन तिने. मात्र पुतळ्यांचं वय विचारणं बंद झालं, आणि आईला चल म्हणणंही. रोज सहाला फाटकाचा आवाज यायचा आणि ती एकटी जायची. तो आवाज आला की मी कूस बदलायचो.

असं दीड वर्ष गेलं. गेल्या महिन्यात आईचे पाय सुजले म्हणून डॉक्टरांकडे नेलं. जिना उतरवायला मी आणि बायको, दोघं लागलो. डॉक्टरांनी पायात ताकद किती आहे ते बघितलं आणि विचारलं, "चालणं कधीपासून बंद आहे?"

मी म्हणालो, "वय झालंय ना."

डॉक्टर म्हणाले, "मी वय नाही विचारलं. अजून वर्षभर अशाच बसून राहिल्या तर पुढे उठवायला माणूस लागेल."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सहाला फाटक वाजलं तेव्हा मी चप्पल घालून मागे धावलो. मांडवीच्या वाळूवर मावशीला गाठलं तेव्हा माझा श्वास पार संपला होता.

"काय रे विन्या? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मावशी, ती साडी मी नेसवली. दिनेशशेठने नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि चालत राहिली.

मी दोन पावलं मागे पडलो होतो, पुन्हा धावलो. "कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. मी परत गेले होते दुकानात. दिनेश चांगला आहे, पण त्याला खोटं दोनदा बोलता येत नाही. सगळं सांगितलंन त्याने."

"मग मला बोलली का नाहीस? शिव्या का नाही घातल्यास?"

"तुला घातल्या असत्या रे. आवाज वर गेला असता." ती थांबली नाही, फक्त थोडी सावकाश झाली. "तुझी बायको शाळेत गेली की कुसुमला बोलायला माणसं दोन. एक मी, एक तू. तू असं केलंस हे तिला कळलं असतं, तर दोघांतलं एक कमी. माझा फोटो लागला नाही तर लागला नाही. तिचं माणूस कशाला कमी करू?"

म्हणून तिने गावाचं हसू सहा महिने अंगावर घेतलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बघितलं.

"रड नाहीतर चाल. दोन्ही एकदम जमत नाही, छातीत भरतं."

मी चाललो. आणि राहिलेलं सांगितलं, जे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आई घरात बसलेली मला सोयीची होती. बायको शाळेतून पाचला येते. मी दुपारी दोनला घरी येतो तेव्हा दार उघडं असतं, गॅसवर भात गरम असतो, आणि सकाळपासून कुरिअरने आलेला माल कोणीतरी घेऊन ठेवलेला असतो. आई बाहेर पडायला लागली, तिचं तिचं काही सुरू झालं, तर ते दार बंद मिळालं असतं. लोक काय म्हणतील हे मी स्वतःला दिलेलं कारण होतं. खरं कारण तो भात होता.

जेटीपाशी वळसा घेताना मावशी म्हणाली, "गरम भात कोणाला नको असतो? पण कुकर तुलाही लावता येतो, मेल्या."

परत आल्यावर ती नेहमीसारखी वर आली. नेहमीसारखी म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. त्या वेळी मी अंघोळीला असतो, नाहीतर मोबाइल बघत असतो. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. आईने दोघींचा चहा गाळला. मावशीने खुर्ची ओढली, आणि भोंग्यावरचा तो आवाज इतका खाली आणला की मला कान द्यावा लागला.

"आज ओहोटी होती. अगदी आत गेलं होतं पाणी. काळी वाळू ओली होती, पाय रुतत नव्हते."

"खडक दिसले?" आईने विचारलं.

"पहिले दोन. तिसरा अर्धा."

"होड्या?"

"चार. एक नवीन आहे, पिवळी."

"ती लंगडी कुत्री?"

"आहे. पिल्लं घातलीन तिने, पाच. बोरूच्या कुंपणाखाली."

आई मान हलवत होती. हे रोज चालत होतं. आमच्या घरापासून समुद्र दहा मिनिटांवर आहे, आणि माझी आई चार वर्षं तो असा ऐकत होती. आज पाणी कुठवर आहे, हे माझ्या घरात रोज कोणीतरी विचारत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"आज उशीर झाला तुला," आई म्हणाली.

"सोबत होती. तुझा लेक. धापा टाकत होता बैलासारख्या."

आईने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे. वाळू लागली होती, ती फरशीवर पडली होती. आई झाडू आणायला उठेल असं मला वाटलं. पण ती तिथेच बसून त्या वाळूकडे बघत राहिली.

"नले," आई म्हणाली, "उद्या निघताना खालून हाक मार. मी काही येणार नाही. पण हाक मार."

मावशीने बशीत चहा ओतला होता. तो प्यायची ती विसरली, आणि बशी तशीच दोन्ही हातांत धरून बसली.